शीवच्या किल्ल्यावरचं दृश्य आणि व्हेनिसची पेटी

शीव कोळीवाड्याच्या जवळच, टेकडीवर, शीवचा किल्ला आहे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९१-९२ साली मुंबईची दृश्यं रेखाटली, त्यातलं एक या किल्ल्यावरून दिसणारं. वेल्स १७९५ साली वारला. बारा चित्रांचा संच लंडनमध्ये निघाला तो १८०० साली. शहराचं असं हुबेहूब दृश्य काढण्यात त्या शतकात नाव होतं इटलीचं. व्हेनिसचा कानालेत्तो आणि त्याचा भाचा बेर्नार्दो बेल्लोत्तो यांचा त्यात हातखंडा. बेल्लोत्तोची आदिजे नदीकाठच्या वेरोनाची चित्रं फोटोच वाटतात.

ती उतरायची कशी?

आधी उंच जागा गाठायची. काठावरून नदी नुसती एक पट्टी दिसते, वरून तिचं वळण उलगडतं. मग कॅमेरा ऑब्स्क्युरा. ही एक लाकडी पेटी: पुढे भिंग, आत ४५ अंशांत तिरपा आरसा, वर दुधी काच. भिंगातून आलेलं दृश्य आरशावरून वळून काचेवर पडतं. काचेवर पातळ कागद ठेवायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं (नाहीतर उन्हात काही दिसत नाही) आणि रेषा गिरवायच्या. चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं बदललेलं. किल्ल्यावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर माहीमची खाडी डाव्या हाताला. काचेवर ती उजवीकडे जाईल. म्हणून कॅनव्हासवर नेण्याआधी कागद पालथा करून घ्यायचा.

भिंगात दृश्याचा तुकडाच मावतो. कानालेत्तोची एक वही व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयात आहे. तिच्यात घाटांवरच्या इमारती पानामागून पान सलग पुढे जातात. ही पानं जोडायची स्टुडिओत, आणि खरी हातचलाखी तिथेच. दोन जागांवरून पाहिलेलं एकाच चौकटीत बसवायचं, आड येणारी इमारत जरा सरकवायची. इमारतींच्या कडा पट्टीने. होड्या आणि माणसं शेवटी, हव्या तिथे. मला तरी यात फसवणूक वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा बेचिराख झालं, तेव्हा ते पुन्हा उभारताना बेल्लोत्तोने काढलेली त्या शहराचीच चित्रं समोर ठेवली होती.

वेल्सच्या संचातली मुंबईची चित्रं मात्र तैलरंगातली नव्हेत, एचिंग आहेत. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र ओरखडायचं, पत्रा आम्लात बुडवायचा. मेण गेलंय तिथेच तांबं खाल्लं जातं आणि त्या खाचांत शाई बसते. कागदावर ठसा उलटा उमटतो, तेव्हा पत्र्यावर माहीमची खाडी उजवीकडेच हवी. पेटीतला कागद इथे पालथा करावा लागत नाही, तो तसाच चालतो. पत्र्यावरून उमटतात त्या फक्त रेषा. रंग छापाचा नव्हे. तो प्रत्येक प्रतीवर ब्रशने, हाताने भरलेला, म्हणून दोन प्रतींतलं आभाळ सहसा जुळत नाही.