खोली तीच, भाडेकरू नवा! कारखान्यातल्या बारकोड रीडरला 'पत्ता' कसा देतात?

औषधाच्या खोक्यावरचा क्यूआर कोड तुम्ही मोबाइलने स्कॅन करता, त्याआधी आधुनिक पॅकिंग लाइनवर तोच कोड एका रीडरने धावत्या पट्ट्यावर वाचलेला असतो. खोके पुढे सोडायचे की बाजूला काढायचे, हे त्या वाचनावर ठरते. रीडर आणि निर्णय घेणारा संगणक यांच्यामध्ये हाताच्या पंजाएवढी एक पेटी असते. तिला म्हणतात इथरनेट कनेक्शन बॉक्स. या पेटीची वायर निसटली तर लाइन थांबते आणि सगळ्यांना कळते. पण तिचा पत्ता चुकला, तर लाइन चालूच राहू शकते आणि नको तो माल पुढे जाऊ शकतो. ही पेटी कशी बसवतात, तिला पत्ता कसा देतात आणि तो कोणाच्या नावावर असायला हवा, हे समजून घेऊ.

हा विषय महत्त्वाचा का?

केंद्र सरकारने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी औषध नियमांत दुरुस्ती केली आणि 'एच-२' या अनुसूचीतल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक केला. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या मालाला हा नियम लागू झाला. कोडमध्ये औषधाचे मूळ व ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असावी लागते.

परळमध्ये केईएम, टाटा मेमोरियल आणि वाडिया ही रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथल्या औषधाच्या दुकानात गावाहून आलेला रुग्णाचा नातेवाईक खोके हातात घेतो, तेव्हा आत काय आहे हे त्याला छापलेल्या मजकुरावरूनच कळते. तो मजकूर आणि आतले औषध एकच आहे, याची खात्री त्याच्या वतीने कारखान्यात कोणीतरी करून घ्यायची असते. ते काम बारकोड रीडर करतो.

कनेक्शन बॉक्स नेमका काय करतो?

कारखान्यातला स्थिर रीडर दुकानातल्या हातात धरायच्या स्कॅनरपेक्षा वेगळा असतो. तो पट्ट्याच्या बाजूला पक्का बसवलेला असतो आणि ट्रिगर मिळाला की वाचतो. त्याच्याकडे चार प्रकारच्या वायर जातात: २४ व्होल्ट डीसी पुरवठा, खोके आल्याची खबर देणाऱ्या सेन्सरची वायर, 'वाचले' किंवा 'वाचता आले नाही' असा इशारा देणारी वायर आणि प्रत्यक्ष माहितीची केबल.

अनेक रीडर ही माहिती जुन्या सीरियल पद्धतीने, म्हणजे एका वेळी एकाच यंत्राशी बोलून पाठवतात. कारखान्याचे नियंत्रण करणारा पीएलसी हा संगणक मात्र इथरनेटवर अनेक यंत्रांशी बोलत असतो. कनेक्शन बॉक्स या दोघांमधला दुभाष्या आहे. सगळ्या वायर त्याच्यात येतात आणि बाहेर एक इथरनेट केबल जाते. काही बॉक्समध्ये दोन इथरनेट पोर्ट असतात. त्यामुळे एका बॉक्समधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करता येते आणि केबल वाचते. तोटा असा की मधला बॉक्स बंद पडला, तर साध्या साखळीत त्याच्या पुढचे सगळे तुटतात.

घरातला राउटर किंवा साधा स्विच का चालत नाही?

कारखान्यात धूळ, तेल, कंपन आणि धुण्याचे पाणी असते. म्हणून अशा बॉक्सवर 'आयपी ६५' किंवा 'आयपी ६७' लिहिलेले दिसते. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण या 'आयपी'चा नेटवर्कच्या आयपी पत्त्याशी काहीही संबंध नाही. हा संरक्षणाचा दर्जा आहे. पहिला आकडा ६ म्हणजे धूळ आत शिरणार नाही. दुसरा आकडा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. ५ म्हणजे पाण्याचा फवारा सहन होईल.

घरातल्या केबलची प्लास्टिकची क्लिप कंपनाने सैल होते. म्हणून इथे 'एम-१२' हा फिरवून आवळायचा गोल कनेक्टर वापरतात. १०० मेगाबिट इथरनेटला चारच वायर लागतात, त्यामुळे त्याचा नेहमीचा प्रकार चार पिनांचा असतो.

बॉक्स बसवताना कोणती काळजी घ्यावी?

- पुरवठा बंद करूनच वायरिंग करावे. २४ व्होल्टचे प्लस-मायनस मल्टिमीटरने तपासूनच जोडावे.
- तांब्याच्या इथरनेट केबलची कमाल लांबी १०० मीटर. त्यापुढे मध्ये स्विच किंवा फायबर लागतो.
- मोटर आणि ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत डेटा केबल एकाच ट्रेमध्ये टाकू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.
- शील्ड असलेली केबल घ्यावी आणि बॉक्सचे अर्थिंग कंपनीच्या सूचनेप्रमाणे करावे. 'कधी वाचतो, कधी वाचत नाही' या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते.
- न वापरलेल्या पोर्टला टोपण लावावे आणि केबल ग्लँड नीट आवळावा. एक भोक उघडे राहिले तरी 'आयपी ६७' कागदावरच उरतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातला यंत्रांचा आवाज ओसरत गेला आणि कारखाने-गोदामे तारापूर, अंबरनाथ, भिवंडीकडे सरकली. पण वायर, लग, ग्लँड, एमसीबी घ्यायला लोहार चाळ आणि नेटवर्कच्या सामानाला गिरगावच्या शेजारचा लॅमिंग्टन रोड, ही दक्षिण मुंबईतली ठिकाणे तंत्रज्ञांच्या पायाखालची आहेत. तिथे केबल घेताना एक गोष्ट दुकानदाराला विचाराच: आत शुद्ध तांबे आहे की तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम? दुसरी केबल स्वस्त मिळते, पण तिचा विद्युतरोध जास्त असतो आणि वारंवार वाकवली तर ती लवकर तुटते.

आयपी पत्ता म्हणजे काय?

मोबाइलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडा. १९२.१६८ ने सुरू होणारा चार आकड्यांचा गट बहुधा दिसेल. तो तुमच्या फोनचा त्या नेटवर्कमधला पत्ता. शेजाऱ्याच्या घरातल्या फोनचाही पत्ता तंतोतंत तोच असू शकतो, तरी काही बिघडत नाही. लालबागच्या प्रत्येक चाळीत २१ नंबरची खोली असू शकते, तसेच हे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते आपापल्या चाळीपुरतेच चालतात.

समजा, रीडरचा पत्ता १९२.१६८.१०.२१ आहे आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे. मास्कचा अर्थ इतकाच की पहिले तीन आकडे चाळीचे नाव आणि शेवटचा आकडा खोली. अशा एका चाळीत वापरता येण्याजोग्या २५४ खोल्या असतात. मास्क चुकला तर शेजारच्या खोलीतला माणूस परगावचा वाटू लागतो आणि निरोप पोहोचत नाही.

यंत्राला आणखी एक क्रमांक असतो, मॅक पत्ता. तो कारखान्यातून निघतानाच कोरलेला असतो, जणू जन्मदाखला. आयपी पत्ता आपण देतो, मॅक पत्ता यंत्र सोबत घेऊन येते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पत्ता कसा रचावा याचा धडा आपल्याकडे फार आधी गिरवला गेला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखलेली सहा आकड्यांची पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. परळच्या ४०००१२ मध्ये पहिला ४ विभाग सांगतो आणि शेवटचे आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेतात. चांगला नेटवर्क अभियंताही तेच करतो. लाइन १ च्या रीडरना ११ ते १९, लाइन २ ला २१ ते २९ असे गट पाडतो. मग नुसता पत्ता वाचून यंत्र कुठे आहे ते कळते.

पत्ता देण्याचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग बॉक्सवरच्या फिरवायच्या छोट्या खटक्यांचा. तीन खटके असतील तर ०, २, १ लावले की शेवटचा आकडा २१ होतो. बहुतेक बॉक्स हे खटके सुरू होतानाच वाचतात. त्यामुळे आकडा बदलल्यावर पुरवठा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो.

दुसरा मार्ग लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरचा. इथे एक जुनी ठेच आहे: काही कंपन्यांचे सगळे नवे बॉक्स खोक्यातून एकाच ठरलेल्या पत्त्यासह बाहेर पडतात. दहा बॉक्स एकदम जोडले तर दहा जण एकाच खोलीवर हक्क सांगतात. म्हणून एकेक जोडायचा, त्याला पत्ता द्यायचा, त्यावर लेबल चिकटवायचे आणि मगच पुढचा घ्यायचा.

तिसरा मार्ग डीएचसीपीचा, म्हणजे नेटवर्कने आपणहून पत्ता वाटण्याचा. घरचा राउटर हेच करतो. पण कारखान्यात पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये रीडरचा पत्ता पक्का लिहिलेला असतो. वीज जाऊन आली आणि पत्ता बदलला, तर पीएलसी जुन्याच दारावर टकटक करत बसतो.

प्रोफिनेट या पद्धतीत थोडे वेगळे आहे. तिथे यंत्राला आधी नाव देतात आणि त्या नावावरून पीएलसी त्याला पत्ता लावून देतो. तत्त्व एकच: एका जागेला एकच ओळख.

पत्ता चुकला तर काय होते?

दोन शक्यता आहेत. पहिलीत दोन बॉक्सचा पत्ता एकच होतो. कधी एकाचे उत्तर येते, कधी दुसऱ्याचे. जोडणी तुटते, पुन्हा लागते. त्रासदायक आहे, पण निदान दिसते तरी.

दुसरी शक्यता जास्त वाईट. समजा, दोन पट्टे शेजारी शेजारी धावत आहेत आणि त्यांच्या रीडरचे पत्ते अदलाबदल झाले आहेत. दोन्ही पत्ते वैध, दोन्ही दिवे हिरवे. पहिल्या पट्ट्यावर चुकीच्या बॅचचे खोके आले. त्याच्या रीडरने ते बरोबर पकडले. पण पीएलसीला वाटले की दोष दुसऱ्या पट्ट्यावर आहे. त्याने दुसऱ्या पट्ट्यावरचे चांगले खोके ढकलून दिले आणि सदोष खोके पुढे गेले. रीडर चुकला नाही, केबल चुकली नाही, प्रोग्रॅमही चुकला नाही.

'पिंग' करून ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही पत्ते उत्तर देतात. उपाय साधा आहे. प्रत्येक रीडरसमोर मुद्दाम खराब कोडचे खोके धरायचे आणि त्याच पट्ट्यावरचा ढकलदांडा हलतो का, हे डोळ्यांनी पाहायचे. बॉक्स बसवल्यावर आणि बदलल्यावर ही चाचणी झाल्याशिवाय लाइन चालू करू नये.

रात्रपाळीत रीडर बंद पडला तर?

पत्ता कुठे साठवायचा, याची खरी परीक्षा इथे होते. पत्ता रीडरच्या आतच साठवला असेल, तर नवा रीडर कोराच येतो. लॅपटॉप हवा, सॉफ्टवेअर हवे, पासवर्ड हवा आणि हे सगळे जाणणारा माणूस हवा. तो घरी झोपलेला असतो. मॅक पत्त्यावरून आयपी राखून ठेवला असेल तरी अडचण तीच, कारण नवे यंत्र नवा जन्मदाखला घेऊन येते.

पत्ता कनेक्शन बॉक्सच्या खटक्यांवर असेल, तर पत्त्याचे काम उरतच नाही. बॉक्स जागेवरच राहतो. पाळीवरचा फिटर जुना रीडर काढतो, त्याच प्रकारचा नवा लावतो. काही बॉक्समध्ये रीडरच्या सेटिंगचीही प्रत ठेवण्याची सोय असते. ती असेल तर नवा रीडर सुरू होताच जुन्यासारखा वागू लागतो. बॉक्सच बदलावा लागला, तर जुन्याचे तीन आकडे पाहून नव्यावर लावायचे. भाडेकरू बदलतात, खोलीचा नंबर दारावर तसाच राहतो.

म्हणून पत्ता यंत्राला नव्हे, जागेला द्यावा. त्याची नोंद तीन ठिकाणी असावी: बॉक्सवरच्या लेबलवर, पॅनेलच्या दारामागच्या तक्त्यावर आणि कार्यालयातल्या फाइलमध्ये. एका माणसाच्या डोक्यात असलेली नोंद त्याच्यासोबत सुट्टीवर जाते.

घरी किंवा दुकानात याचा काय उपयोग?

वीज जाऊन आली की दुकानातला बिलिंग प्रिंटर 'सापडत नाही', सोसायटीच्या सीसीटीव्हीतला एक कॅमेरा काळा पडतो, अशा तक्रारी ओळखीच्या आहेत. कारण अनेकदा तेच असते. राउटरने यंत्राला नवा पत्ता दिला आणि संगणक जुना शोधत राहिला. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी पत्ते राखून ठेवा. यंत्र बदलल्यावर ही राखीव नोंदही बदला. सोबत आलेला मूळ पासवर्ड लगेच बदला आणि पत्त्यांची यादी राउटरच्या बाजूला चिकटवा. पासवर्ड मात्र तिथे लिहू नका.