न उमललेल्या फुलांची भाजी

धनज गावच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू झाली, तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की बाजारात फुलकोबीचे पांढरे गड्डे दिसू लागतात. आज भाजीला आणलेल्या गड्ड्याचा एक तुरा तोडून पाहा. त्या तुऱ्यातून छोटा तुरा तोडा, मग त्यातूनही. दर वेळी हातात काय येतं? तीच फुलकोबी, फक्त आणखी चिमुकली! भिंग असेल तर अजून खाली जाता येईल.

असं का होतं, हे कोडं शास्त्रज्ञांनी 2021 साली बरंचसं सोडवलं. झाडाचा कोंब फूल करायला निघतो, पण फूल काही पुरं होत नाही. त्याच्या जागी नवा देठ फुटतो. तोही फूल करायला निघतो आणि त्याचंही तेच होतं. असं पुन्हा पुन्हा घडत राहतं, आणि हे सगळे अर्धवट प्रयत्न दाटीवाटीने एकत्र राहिले की झाला गड्डा! त्यातून कांदाभजीला टक्कर देणारी भजी होतात, हे शास्त्रज्ञांनी लिहिलेलं नाही, ते माझं मत.

आता ही फुलकोबी आपली की पाहुणी? पाहुणी, इंग्रजांच्या काळात आलेली. इंग्रजांना बागेचा भारी सोस. पुण्याची एम्प्रेस गार्डन पूर्वी सैनिकांची बाग होती. नागपूरची महाराजबाग मूळची भोसले राजांची; इंग्रजी अमलात, 1894 साली, तिथे प्राणिसंग्रहालय सुरू झालं. अशा बागांमध्ये हिवाळा आला की फ्लॉक्स, पिटुनिया, पॅन्झी, डायन्थसचे ताटवे फुलतात. गंमत बघा, इंग्लंडात ही फुलं बहुतेक उन्हाळ्यात फुलतात! कारण लंडनला जुलैच्या दुपारी जेमतेम 23-24 अंश तापमान असतं. म्हणजे त्यांचा उन्हाळा आपल्या थंडीच्या दिवसांसारखा. म्हणून माळी पाऊस ओसरला की बी टाकतो. बरं, या ‘साहेबी’ फुलांतली पिटुनिया दक्षिण अमेरिकेची आणि बागेतला फ्लॉक्स टेक्ससचा. साहेबही ती दुसरीकडूनच घेऊन आला होता.

फुलांच्या जोडीला विलायती भाज्याही आल्या. फुलकोबीचं बी 1822 साली डॉ. जेम्सन यांनी उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरच्या कंपनी बागेत आणलं, असं शेतीच्या पुस्तकांत वाचायला मिळतं. थंड हवेतली ही फुलकोबी मोठी हट्टी. ऊब जास्त झाली की नुसती पानं वाढवत बसते, गड्डा धरतच नाही!

मग आपल्या शेतकऱ्यांनी काय केलं? वाफ्यातल्या ज्या रोपाने ऊब असूनही गड्डा धरला, त्याचंच बी राखलं. पुढच्या वर्षी त्यातलं चांगलं निवडून पुन्हा बी धरलं. अशा कितीतरी पिढ्या गेल्या. आज आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जाती 20 ते 27 अंशांतही गड्डा धरतात, तर उशिराच्या विलायती जातींना 10 ते 16 अंशांचा गारवाच लागतो. त्या जातींचं बी तयार करायला कुलू खोऱ्यासारख्या थंड जागी जावं लागतं. आपली जात मात्र सपाट मुलखातच बी देते.

गड्डा इतका पांढरा कसा राहतो, हा आणखी एक प्रश्न. ऊन लागलं की तो पिवळसर पडतो, म्हणून माळी बाहेरची पानं वर ओढून सुतळीने बांधतात. पुढच्या वेळी एखाद्याच्या वाफ्यात अशी मोट बांधलेली झाडं दिसली, तर आत डोकावण्याआधी मालकाला विचारा.

आणि शेतातलं एक झाड कापायचं सोडून दिलंत, तर गड्डा हळूहळू विस्कटतो, दांडे उंच जातात आणि त्यांवर चार-चार पाकळ्यांची पिवळी फुलं येतात. मोहरीच्या फुलांशी ताडून बघा, दोघी एकाच कुळातल्या. मग बारीक शेंगा धरतात आणि आत मोहरीसारखंच गोल बी. फक्त त्या झाडावर लक्ष ठेवा. बी तयार व्हायला बरेच आठवडे लागतात आणि तोवर घरातलं कुणीतरी गड्ड्याकडे बघून सुरी शोधणारच.