हायड्रा : आधी परवानगी, मग टर्मिनल

‘हायड्रा’ हे ‘द हॅकर्स चॉइस’ या गटाचं मोफत टूल. काली लिनक्समध्ये ते सहसा आयतंच मिळतं. उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल हायड्रा’ एवढं पुरतं. हाती दिलेल्या यादीतला एकेक पासवर्ड ते एसएसएच, एफटीपीसारख्या सेवांवर लावून बघतं. गाजलेली ‘रॉकयू’ यादी 2009च्या डेटाचोरीतली : सुमारे 1 कोटी 40 लाख पासवर्ड, आणि ‘123456’ अर्थातच अग्रभागी! चार-पाच चुकांनंतर खातं गोठवणारा सर्व्हर मात्र हायड्राला दाद देत नाही. (चाचणीत खरी खातीही गोठतात, हे आधी सांगून ठेवावं.) दुसऱ्याच्या यंत्रणेवर परवानगीविना चालवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 लागू शकतं : 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगी लेखीच घ्या.