गुळाचा रंग आणि गुळाचे गुण

कोल्हापूर आणि गूळ यांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि येथील गुळाला दूरवरचे ग्राहक लाभले. २०१४ साली या गुळाला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. तथापि सौद्याच्या वेळी रव्याची पारख बव्हंशी रंगावरूनच होते. पिवळाधमक गूळ चढ्या भावाने जातो, काळसर गूळ मागे पडतो. या आवडीपोटी काही गुऱ्हाळांत काहिलीतील रसात ‘हायड्रॉस’ ही विरंजक पावडर टाकली जाते.

रंग उजळतो, पण गुणांचे काय? उसाच्या रसात साखरेबरोबर फिनॉलिक संयुगेही असतात. ती प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे ऑक्सिडीकरणास अटकाव करणारी, होत. ही शक्ती डोळ्यांना दिसत नाही. ती प्रयोगशाळेतच मोजावी लागते.

त्यासाठीची एक सोपी पद्धत ब्लॉइस या शास्त्रज्ञाने १९५८ साली मांडली. डीपीपीएच हे संयुग म्हणजे एक स्थिर मुक्त मूलक होय. अल्कोहोलमधील त्याचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात प्रतिऑक्सिडीकारक पदार्थ मिसळला की ते फिकट होत पिवळसर बनते. ही घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. निम्मा रंग घालविण्यास पदार्थ किती लागला, हे त्याचे माप. येथे आकडा जितका लहान, तितकी शक्ती अधिक, हे ध्यानी ठेवावे.

दुसरी, फोलिन-सिओकाल्टू पद्धत फिनॉलिक संयुगांचे प्रमाण निळ्या रंगावरून ठरविते. परंतु ग्लुकोजसारख्या क्षपणकारी शर्करा आणि सल्फर डायऑक्साइड यांच्यामुळेही हा निळा रंग वाढतो. म्हणजे हायड्रॉसचा अंश राहिलेला गूळ या कसोटीत वास्तवापेक्षा अधिक गुणवान भासू शकतो! म्हणूनच दोन नमुन्यांची तुलना एकाच पद्धतीने, समान वजनावर आणि समान वेळेत करावी. शर्करा व गंधकाचा अंशही तपासावा. निरनिराळ्या पद्धतींचे आकडे शेजारी मांडून श्रेष्ठत्व ठरविणे योग्य नव्हे.

आणखी एक मर्यादा आहे. परीक्षानळीतील शक्ती म्हणजे शरीरातील लाभ नव्हे. याच कारणास्तव अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांची आपली सूची मागे घेतली. गूळ हा मुख्यतः साखरच आहे. मधुमेही व्यक्तीने तो औषध समजून खाऊ नये.

मग या मोजमापाचा उपयोग काय? रस गाळण्यासाठी रानभेंडीचा चीक वापरणे आणि मळी वेळच्या वेळी काढणे, या जुन्या रीतीने गूळ स्वच्छ होतो. अशा गुळाचे गुण आकड्यांनी सिद्ध करता आले, तर त्याच्या काळसर रंगाला कमीपणा राहणार नाही. गुळातील सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत ७० भागांहून अधिक असू नये, अशी कायद्याची मर्यादा आहे. ती गुऱ्हाळमालकांपर्यंत पोहोचविणे हे पंचायत सदस्यांचे काम आहे, तर उजळ रंग म्हणजे शुद्धता नव्हे, हे मुलांना पटविणे शिक्षकांचे. ग्राहकाची नजर बदलली, तर काहिलीतील पावडर आपोआप थांबेल.