चित्राच्या दाखल्याने चित्राचा शोध

चित्रसंग्रहांच्या दफ्तरात दीर्घकाळ असा रिवाज होता, की प्रत्येक चित्रापुढे चित्रकार, विषय व साल यांची नोंद कारकुनाने करावी आणि शोधणाऱ्याने त्या शब्दांच्या वाटेने चित्रापर्यंत पोचावे. परंतु संगणकात चित्रांचे ढीग साचू लागले आणि एकाच चित्राचे वर्णन दोन माणसे दोन तऱ्हांनी करतात हे ध्यानी आले, तेव्हा शब्दांची मध्यस्थी टाळून चित्राच्याच दाखल्याने चित्र मागता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे एक भरीव उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रात ‘क्यूबीआयसी’ या यंत्रणेच्या रूपाने सिद्ध झाले.

चित्र दाखल होताच त्याच्या बिंदूबिंदूचा रंग तपासून, कोणत्या रंगाने किती हिस्सा व्यापला आहे याची जणू जमाबंदीच ही यंत्रणा करते. पोताचा भरडपणा, उठाव व दिशा, तसेच आकृतीचे क्षेत्रफळ व वाटोळेपणा हीही मोजमापे ती टिपून ठेवते. दोन चित्रांतील साम्य म्हणजे या आकड्यांमधील अंतर. आणि तांबड्याला नारिंगी जितका जवळचा तितका निळा नव्हे, हा डोळ्यांचा अनुभवही त्या हिशेबात धरलेला असतो. हा हिशेब खर्चिक असल्याने प्रथम केवळ सरासरी रंगाच्या तीन आकड्यांवरून चाळणी लावली जाते, आणि ती चाळणी अशा गणिती खुबीने योजिलेली आहे, की लायक उमेदवार तिच्यातून गळत नाही.

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाने आपल्या संकेतस्थळावर हीच यंत्रणा योजिली, तेव्हा चित्रकाराचे नाव ठाऊक नसलेल्या रसिकालाही रंगांचे प्रमाण निवडून किंवा कोऱ्या चौकटीत रंगांचे ठिपके मांडून तशा धाटणीची चित्रे मागवता येऊ लागली.

तथापि तांबूस सूर्यास्त मागणाऱ्यापुढे तांबूस गालिचाही हजर होऊ शकतो, कारण आकडे रंग जाणतात, अर्थ जाणत नाहीत. 2000 साली आर्नोल्ड स्मोल्डर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षेत्राचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात हीच दरी मुख्य अडचण म्हणून नोंदली आहे. पुढे कोणती मोजमापे घ्यावीत हे माणसाने ठरवण्याऐवजी यंत्रच असंख्य उदाहरणांवरून शिकू लागले आणि दरी पुष्कळ अरुंद झाली. परंतु चित्राचे आकडे करावेत, आकड्यांतील अंतर मोजावे आणि निकटतेच्या क्रमाने चित्रे पुढे ठेवावीत, हा मूळ शिरस्ता कायम राहिला. अखेरची निवड पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवणे हे या यंत्रणेचे न्यून मानले जाते; माझ्या मते तोच तिचा सर्वांत शहाणपणाचा भाग होय.