दोन पिक्सेलांच्या मधली जागा

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक बेटेगावजवळ होते आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाची पाहणी हवेतून, लायडार (लेसरने अंतर मोजणारे यंत्र) आणि कॅमेरा वापरून झाली. भारतातल्या रेल्वे प्रकल्पासाठी असे प्रथमच घडले. पण वरून टिपलेले छायाचित्र म्हणजे नकाशा नव्हे. कॅमेरा कलतो, जमीन उंचसखल असते, आणि शेताचा बांध चित्रात सरकलेला दिसतो. तो जागेवर आणताना संगणक हिशेब उलटा करतो. नव्या चित्रातला एकेक रिकामा चौकोन घेऊन तो मूळ चित्रात कुठे होता ते शोधतो. उत्तर बहुधा पिक्सेलांच्या मधे पडते. तिथला रंग कॅमेऱ्याने टिपलेलाच नसतो. तो गणिताने काढावा लागतो.

सर्वांत जवळचा पिक्सेल उचलणे सोपे, पण बांधाला पायऱ्या पडतात. ‘बायलिनिअर’ पद्धत चार पिक्सेलांची भारित सरासरी घेते. रेषा गुळगुळीत होते, थोडी पुसटही. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेले ‘क्यूबिक कन्व्होल्यूशन’ सोळा पिक्सेल विचारात घेते आणि कडा ठसठशीत ठेवते. त्यातले काही भार ऋण असतात, आणि खरे नवल तिथे आहे. काळ्या जमिनीला ४० आणि पत्र्याच्या छपराला २०० असे मूल्य धरा. ४०, २००, २००, २०० या ओळीत मधल्या दोन पिक्सेलांच्या बरोबर मध्यावर उत्तर येते २१०! छपरापेक्षाही उजळ असा पट्टा, जो जमिनीवर कुठेच नाही.

म्हणूनच भूवापराच्या नकाशाला जवळच्या पिक्सेलाचीच पद्धत हवी. भातशेतीचा संकेतांक १, मिठागराचा २ आणि रस्त्याचा ३ असेल, तर शेत व रस्ता यांची सरासरी काढताच मधे मिठागर उगवेल.

ग्राफिक्स कार्डात बायलिनिअर गणिताची सोय चिपमध्येच असते, त्यामुळे चित्र क्षणात वाकते. मात्र एनव्हिडियाच्या कार्डांत त्या भारांच्या अपूर्णांकाला ८ बिटच मिळतात, म्हणजे दोन पिक्सेलांमधले अंतर २५६ टप्प्यांतच मोजले जाते. पडद्यावर पाहायला ते पुष्कळ झाले. मोजणीसाठी मी सॉफ्टवेअरचे संथ, पूर्ण अचूकतेचे गणितच निवडेन. शिवाय चित्र वाकवण्याच्या प्रत्येक फेरीत तपशील झिजतो. म्हणून कॅमेऱ्याचा कल, भिंगाचा दोष आणि जमिनीची उंची या तिन्ही दुरुस्त्या आधी गणितात एकत्र कराव्यात आणि मूळ पिक्सेलांना एकदाच हात लावावा.