इद्दत चार महिने दहा दिवस, दाव्याची मुदत सहा महिने

आमच्या बपेऱ्याच्या पुढे नदी लागते आणि नदी ओलांडली की मध्य प्रदेश. तुमसरहून येणाऱ्या रस्त्यावर रेतीचे, धानाचे, तांदळाचे ट्रक सुरूच असतात. शाळा सुटली की लहान मुलांना रस्ता पार करून देणं हे आम्हा शिक्षकांचं कामच झालं आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याचे अब्बा दुचाकीवरून पलीकडे गेले होते. मागून ट्रकने उडवलं, जागीच इंतकाल झाला. दफनविधीच्या तिसऱ्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस घरी आला. सोबत एक लाख रुपये रोख आणि मराठीत टाइप केलेला कागद. घरात सगळे उर्दू-हिंदी वाचणारे, म्हणून कागद माझ्याकडे आला. “सर, जरा पढ के बताओ.” वाचलं. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे कसलीही भरपाई मागणार नाही, असा मजकूर. खाली सहीसाठी मरहूमच्या बेवाचं नाव.

सही करू नका म्हणालो, त्यांनी केली नाही. पण पुढे काय करायचं ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. भाभी इद्दतीत बसल्या, मोठे लोक म्हणाले इद्दत संपू द्या, मग कोर्टाचं पाहू. त्यानंतर शेतीची कामं, मुलांची ॲडमिशन. भंडाऱ्याच्या वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी अपघाताची तारीख विचारली. सातवा महिना लागला होता.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. तिच्यातला भरपाईचा भाग 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला. तेव्हापासून कलम 166 खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. त्याआधी बरीच वर्षं अशी मुदतच नव्हती, म्हणून जुने जाणते लोक अजूनही सांगतात, “दावा केव्हाही टाकता येतो.” चांगल्या मनाने सांगतात, पण त्याने नुकसान होतं. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. फक्त मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. दिलासा आहे, पण अंतरिम म्हणजे तात्पुरता. त्याच्या भरवशावर घरी बसू नये.

आता इद्दतीचा हिशेब करा. चार महिने दहा दिवस गेल्यावर हातात दोन महिनेसुद्धा उरत नाहीत. पण दाव्यासाठी बेवाने घराबाहेर पडलंच पाहिजे असं कुठे आहे? मयताचे वारस दावा करू शकतात आणि त्यांनी रीतसर अधिकार दिलेला माणूसही करू शकतो. आई, वडील, मुलं सगळे अर्जदार होतात. वकीलपत्रावर सही घरी बसून करता येते. कोर्टात साक्ष द्यायची वेळ पुष्कळ नंतर येते. दीर, भाऊ किंवा मामा कागद गोळा करून वकिलाकडे जाऊ शकतात. इद्दत तिच्या जागी राहते आणि मुदतही पाळली जाते.

अपघात मध्य प्रदेशात झाला, मग केस बालाघाटला चालणार का, हा आमच्या सीमेवरच्या लोकांचा नेहमीचा प्रश्न. गरज नाही. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यातलं कुठलंही न्यायाधिकरण निवडता येतं. बपेऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाला भंडाऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट मात्र पलीकडच्या पोलीस ठाण्यातून आणि दवाखान्यातून आणावा लागतो. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात घरातल्या एकाची नेमणूक करा.

एक लाखाचा तो कागद कशाच्या बदल्यात होता, ते आकड्यांत पाहू. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. समजा मयत 34 वर्षांचा मेकॅनिक, महिन्याची कमाई 12,000. मागे बायको, तीन मुलं आणि आई, म्हणजे अवलंबून असणारे पाच जण. वर्षाची कमाई 1,44,000. चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा करणारा, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे: 2,01,600. चार ते सहा जण अवलंबून असतील तर मयताचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा: 1,51,200. 31 ते 35 वयाला गुणक 16. झाले 24,19,200 रुपये. शिवाय साथ-सहवास गमावल्याची, अंत्यविधीच्या खर्चाची वगैरे ठरलेली रक्कम आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. माझा विषय गणित, तरी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी दोनदा तपासला.

पण 12,000 ची कमाई दाखवायची कशी? आपल्या लोकांचा धंदा रोखीचा. दुकानाची भाडेपावती, सुट्या भागांची बिलं, बँकेचं पासबुक, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी, कर्जाचे हप्ते, जे असेल ते सांभाळून ठेवा. मोबाइल मरहूमचा आहे म्हणून लगेच कोणाला देऊन टाकू नका. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, ते बहुतेकदा कमी असतं. अपघातात घरातली बाई गेली तर ती कमावत नव्हती म्हणून भरपाई नाही, असंही नाही. गृहिणीच्या कामाची किंमत धरावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने एकापेक्षा जास्त निकालांत सांगितलं आहे.

पैसे विमा कंपनी देते. म्हणून ट्रकचा नंबर आणि अपघाताच्या तारखेला चालू असलेली पॉलिसी सर्वांत महत्त्वाची. 2022 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, प्रत कुटुंबालाही. 15 डिसेंबर 2022 च्या गोहर मोहम्मद निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले. अहवालाची प्रत लेखी अर्ज देऊन मागा, अर्जावर पोच घ्या. तोच अहवाल दावा म्हणून धरता येतो, तरीही स्वतःचा अर्ज वेगळा करावा असं माझं मत आहे. ट्रकला विमाच नसेल तर मालकाने गाडी सोडवून नेण्याआधी त्याच्याकडून हमी घ्यावी, असा अर्ज लगेच करावा लागतो. गाडी गेल्यावर मालकाकडून वसुली फार अवघड.

एका ठिकाणी लोक सपशेल फसतात. कलम 164 खाली चूक कोणाची ते सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. वर्षानुवर्षं थांबायला नको म्हणून हे बरं वाटतं. पण कंपनीकडून ते तडजोडीत स्वीकारले की कलम 166 चा मोठा दावा संपतो. सही करण्याआधी वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी करून पाहा. मयताचीच चूक मोठी असेल किंवा पुरावा अगदीच कच्चा असेल तर 5 लाख घेणं शहाणपणाचंही ठरतं. हे वकिलाशी बोलून ठरवा, ट्रकमालकाच्या माणसाशी नाही.

मजूर ट्रकवर बसून जातात, त्यांच्याबद्दलही सांगतो. मालवाहू गाडीत लिफ्ट मागून बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे आशा राणी निकालापासून (2003) पक्कं झालं आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक आणि गाडीवर कामाला असलेला हमाल यांची गोष्ट वेगळी. म्हणून जबाबात “ट्रकवर बसला होता” एवढंच न सांगता कशासाठी बसला होता ते खरं आणि पूर्ण सांगा. रात्री लाइट न लावता रस्त्यावर उभ्या ठेवलेल्या ट्रकला धडकून मृत्यू झाला, तरी दावा होतो.

ट्रक पळून गेला, नंबर मिळाला नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर जखमीला 50,000 मिळतात. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे, आपल्यासाठी म्हणजे तुमसरला. जखमी जिवंत असेल तर मे 2025 च्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार कॅशलेस आहे. दवाखान्यात हे तोंडाने मागावं लागतं.

फौजदारी केस वेगळी चालते. ड्रायव्हर तिथे सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही.

घरातल्या भांडणाबद्दल लिहायला जड जातं, पण लिहितो. सून माहेरी गेली, उद्या दुसरा निकाह करील, मग तिला पैसे कशाला, असं सासरचे म्हणतात. बेवाने पुन्हा लग्न केलं तरी तिचा भरपाईचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं आहे. कोणाला किती, ते न्यायाधिकरण ठरवतं. लहान मुलांचा हिस्सा साधारणपणे त्यांच्या नावाने बँकेत ठेवला जातो.

वकिलाची फी परवडत नसेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाई आणि मूल यांना उत्पन्न किती हे न पाहता मोफत वकील मिळतो. जो वकील किंवा एजंट भरपाईतला अमुक टक्के हिस्सा मागेल त्याच्यापासून लांब राहा. वकिलाने अशी फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या घरचा दावा उशिराच्या माफीच्या अर्जासह दाखल झाला आहे. विमा कंपनीच्या उत्तरातला पहिला आक्षेप मुदतीचाच आहे. पोरगा आता दहावीत आहे, तारखेला काकांसोबत तोच भंडाऱ्याला जातो.